हासेदेरा : दरीतल्या कान्नोन मंदिराचे दर्शन कसे घ्यावे

जपानच्या नारा प्रांतात, साकुराई शहराच्या पूर्वेला, हात्सुसे नावाची एक अरुंद दरी आहे. या दरीच्या डोंगरउतारावर हासेदेरा हे बौद्ध मंदिर उभे असून त्याच्या गाभाऱ्यात अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराची दहा मीटरांहून उंच लाकडी मूर्ती आहे. अवलोकितेश्वराला जपानी लोक कान्नोन म्हणतात. परंपरेनुसार या स्थानाची सुरुवात इ.स. ६८६ मध्ये दोम्यो नावाच्या भिक्षूने केली आणि पुढे आठव्या शतकात तोकुदो या भिक्षूने येथे अकरामुखी कान्नोनची स्थापना केली. क्योतो आणि नारा पाहणारे बहुतेक प्रवासी इथवर येत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. डोंगरावरच्या मंदिराकडे पायी चढत जाणे हाच दर्शनाचा पहिला भाग असतो, हे जपानमध्ये ज्या थोड्या ठिकाणी इतके स्पष्ट जाणवते, त्यांतले हे एक आहे.

म्हणून या लेखातील सारी मांडणी एकाच सल्ल्याभोवती केली आहे. हासेदेरासाठी पूर्ण अर्धा दिवस राखून ठेवावा, खालच्या गावापासून वरच्या गाभाऱ्यापर्यंत क्रम न मोडता चालत जावे आणि दुपारी बाराच्या ठोक्याला मुख्य मंदिराच्या परिसरात असावे. तसे का, ते योग्य ठिकाणी सांगेनच.

नावाचा घोळ आधी मिटवावा

जपानमध्ये हासेदेरा या नावाची मंदिरे अनेक आहेत. त्यांपैकी तोक्योजवळच्या कामाकुरा येथील मंदिर परदेशी पर्यटकांत अधिक प्रसिद्ध आहे. तेही टेकडीवर आहे आणि तेथेही अकरामुखी कान्नोनचीच उंच मूर्ती आहे, त्यामुळे नकाशात नुसते नाव टाकणारा माणूस सहज फसतो. दोन्ही मंदिरांना जोडणारी एक आख्यायिका आहे. तोकुदोने कापराच्या एकाच प्रचंड ओंडक्यातून दोन मूर्ती घडवून घेतल्या, एक हात्सुसेच्या दरीत स्थापन केली आणि दुसरी, लोकांचे कल्याण जेथे व्हायचे असेल तेथे ती लागो, अशी प्रार्थना करून समुद्रात सोडली. ती कामाकुराच्या बाजूला किनाऱ्याला लागली. या लेखातील मंदिर मूळचे, म्हणजे नारा प्रांतातले आहे. नकाशात शोधताना नावासोबत ‘साकुराई’ किंवा ‘नारा’ हा शब्द अवश्य टाकावा.

कोणत्या ऋतूत जावे

हासेदेराला जपानी लोक ‘फुलांचे मंदिर’ म्हणून ओळखतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चेरीचा बहर असतो. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत बोतान, म्हणजे पिओनीची मोठमोठी फुले पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उमलतात. येथे सुमारे १५० जातींची ७,००० झाडे असल्याचे सांगितले जाते. पावसाळ्याच्या तोंडावर हायड्रेंजिया आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत मेपलची लाल पाने असतात. जानेवारीत गवताच्या छोट्या खोपींखाली जपलेली हिवाळी पिओनी पाहायला मिळते. प्रत्येक रोपावर शेतातल्या खोपीसारखे गवताचे छप्पर आणि त्याखाली एकच टपोरे फूल, असे ते दृश्य असते.

बोतानच्या दिवसांत नेमका जपानचा ‘गोल्डन वीक’, म्हणजे २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंतच्या सुट्ट्यांचा आठवडा येतो आणि गर्दी अतोनात होते. ज्यांना फुलांपेक्षा मंदिर पाहायचे आहे त्यांनी हे दिवस टाळावेत. माझी स्वतःची पसंती पावसाळी दिवसाला आहे, कारण येथील मुख्य जिना छपराखालचा आहे, दरीत धुके साठते आणि माणसे कमी असतात. थंडी चालत असेल, तर १४ फेब्रुवारीचा विचार करावा. त्या दिवशी ‘दादाओशी’ नावाचा विधी होतो. प्रचंड मशाली घेतलेले राक्षसवेशधारी मुख्य मंदिराभोवती धावतात आणि भिक्षू मंत्रसामर्थ्याने त्यांना पळवून लावतात. वर्षाच्या सरत्या रात्री आणि नववर्षाच्या पहिल्या दिवसांतही येथे असंख्य दिवे लावले जातात.

ऋतू निवडताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वसंत आणि शरद अशा दोन हंगामांत गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायांना हात लावता येतो. त्याच्या तारखा मंदिर दरवर्षी स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करते आणि त्यासाठी वेगळे शुल्क असते. प्रवासाच्या तारखा तुमच्या हातात असतील, तर फुलांच्या आधी याच तारखा पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

आगगाडीने पोहोचणे

हासेदेराला जाणारी रेल्वे किन्तेत्सु या खासगी कंपनीची आहे. त्यामुळे परदेशी पर्यटकांचा जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास तेथे चालत नाही आणि तिकीट वेगळे काढावे लागते. इकोकासारखे टॅप करण्याचे कार्ड असल्यास तिकीट-यंत्रापुढे खोळंबावे लागत नाही.

ओसाकाहून निघणाऱ्यांनी उएहोम्माची किंवा त्सुरुहाशी स्थानकावर किन्तेत्सुची ‘ओसाका लाइन’ पकडावी. येथे एक काळजी घ्यावी लागते. या स्थानकांवरून नारा शहराकडे जाणाऱ्या गाड्याही सुटतात, आणि मंदिर नारा प्रांतात असल्याने नवखा प्रवासी ‘नारा’ हे नाव वाचून चुकीच्या गाडीत बसतो. नारा शहराची गाडी फुसे स्थानकानंतर वेगळ्या दिशेने जाते. आपल्याला नाबारी किंवा आओयामाचो अशी पाटी असलेली जलद गाडी हवी. ती पाऊण ते एक तासात हासेदेरा स्थानकावर सोडते. जादा शुल्काच्या अतिजलद गाड्या एरवी या लहान स्थानकावर थांबत नाहीत, त्यामुळे त्यांचे तिकीट काढण्याआधी थांबे तपासावेत.

क्योतोहून किंवा नाराहून येणाऱ्यांनी यामातो-यागी येथे गाडी बदलावी. या स्थानकात दोन मार्ग एकमेकांना वर-खाली छेदतात, म्हणून फलाट बदलण्यासाठी जिना वापरावा लागतो. क्योतोहून साधारण दीड तास धरावा, नाराहून एक तास. जेआर पास वापरायचाच असेल, तर नाराहून जेआरच्या गाडीने साकुराईपर्यंत येऊन तेथून किन्तेत्सुने दोन स्थानके पुढे जाता येते.

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास हासेदेरा स्थानकावर उतरावे, म्हणजे पुढचा सारा क्रम घाई न करता जमतो. मंदिर ऋतूनुसार साडेआठला किंवा नऊला उघडते. वयस्कर मंडळी सोबत असतील, तर आणखी लवकर निघावे.

सोबत काय असावे याची यादी लहान आहे. सहज काढता-घालता येणारे आणि पायऱ्यांवर न घसरणारे बूट, स्वच्छ मोजे, सुटी नाणी व रोख येन, पाण्याची बाटली आणि कचरा स्वतःजवळ ठेवण्यासाठी एक पिशवी, एवढे पुरते. रस्त्यात कचरापेट्या क्वचितच सापडतात.

स्थानकापासून दरवाजापर्यंत

स्थानक दरीच्या एका उतारावर आहे आणि मंदिर समोरच्या उतारावर. म्हणजे आधी पायऱ्यांनी दरीत उतरायचे, मोठा रस्ता व हात्सुसे नदी ओलांडायची आणि उजवीकडे वळून जुन्या गावातून वर चढत जायचे. अंतर किलोमीटरच्या आसपास असून रमतगमत वीस मिनिटे लागतात. सकाळी ज्या पायऱ्या आपण सहज उतरतो त्या परतताना थकलेल्या पायांनी चढायच्या असतात, हे ध्यानात ठेवून शक्तीचा हिशेब करावा.

या दरीचे वर्णन जुन्या जपानी काव्यात ‘कोमोरिकु’, म्हणजे डोंगरांनी झाकून ठेवलेली जागा, या विशेषणाने येते. मंदिराचे नाव ज्या चित्राक्षरांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ ‘लांब दरीचे मंदिर’ असाच होतो. हजार वर्षांपूर्वी क्योतोच्या राजदरबारातील स्त्रिया येथे तीर्थयात्रेला येत. काही दिवसांचा प्रवास करून त्या पोहोचत आणि कान्नोनपुढे रात्रभर बसून स्वप्नात कौल मिळण्याची वाट पाहत. त्याच दरबारातील लेखिका मुरासाकी शिकिबू हिच्या ‘गेंजीची कथा’ या कादंबरीत ताटातूट झालेली तामाकाझुरा आणि तिच्या आईची जुनी दासी यांची भेट याच यात्रेत होते. आज आपण ज्या गल्लीतून जातो, तिच्या दुतर्फा लाकडी दर्शनी भागांची घरे, दुकाने आणि यात्रेकरूंना उतरायला असलेली जुन्या धाटणीची निवासस्थाने आहेत.

याच गावात होकी-इन नावाचे एक छोटे मंदिर आहे. तोकुदोने आयुष्याचा शेवटचा काळ येथे घालवला असे मानतात. बहुतेक लोक त्याच्यासमोरून निघून जातात, पण येथे पाच मिनिटे थांबावे, कारण पश्चिम जपानातील ३३ कान्नोन मंदिरांच्या ‘साइगोकु’ यात्रेचे मूळ तोकुदोच्या कथेत आहे. इ.स. ७१८ मध्ये तो आजारपणात गतप्राण झाला आणि यमराजापुढे उभा राहिला, असे ही कथा सांगते. जपानी लोक त्याला एम्मा म्हणतात. तो आपलाच यम. नरकात येणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे, तेव्हा लोकांना कान्नोनच्या ३३ स्थानांची यात्रा करायला सांग, असे म्हणून यमाने ३३ मुद्रा देऊन तोकुदोला परत पाठवले. त्या काळी लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि मुद्रा पुरून ठेवाव्या लागल्या. पुढे दहाव्या शतकात संन्यस्त सम्राट काझान याने यात्रा पुन्हा सुरू केली, असे परंपरा मानते. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराची जी ३३ रूपे सांगितली आहेत त्यांवरून ही संख्या आली. हासेदेरा या यात्रेतले आठवे स्थान आहे. पांढरी बिनबाह्यांची बंडी घातलेले, हातात काठी घेतलेले यात्रेकरू गल्लीत दिसले, तर ते याच वाटेवरचे असतात.

निओमोन आणि ३९९ पायऱ्या

तिकीट घेतल्यावर समोर निओमोन, म्हणजे दोन द्वारपालांचा मोठा दरवाजा येतो. येथे क्षणभर थांबून टोपी काढावी, किंचित वाकून नमस्कार करावा आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा. उंबरठ्यावर पाय देऊ नये, हे मराठी घरात वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

जपानच्या एका आवडत्या लोककथेची सुरुवात या मंदिराच्या दारातच होते. एका निष्कांचन तरुणाने हासेच्या कान्नोनला साकडे घातले तेव्हा, बाहेर पडताना हाताला जी पहिली वस्तू लागेल ती सोडू नकोस, असा कौल त्याला मिळाला. दारात तो ठेचकाळून पडला आणि उठला तेव्हा त्याच्या हातात गवताची एक काडी होती. काडीला बांधलेल्या गोमाशीच्या बदल्यात संत्री, संत्र्यांच्या बदल्यात कापड, कापडाच्या बदल्यात घोडा आणि घोड्याच्या बदल्यात शेत, असे करत तो सुखवस्तू झाला. जपानी मुले ही गोष्ट लहानपणीच ऐकतात, आणि मुले सोबत असतील तर ती याच दारात सांगावी.

दरवाजाच्या आत ‘नोबोरिरो’ सुरू होतो. नोबोरिरो म्हणजे चढता, छपराखालचा सोपा. इ.स. १०३९ मध्ये नाराच्या कासुगा देवस्थानातील पुजाऱ्याने, आपले मूल बरे झाल्याच्या कृतज्ञतेने, तो प्रथम बांधला अशी नोंद परंपरेत आहे. खालचा आणि मधला भाग आगीनंतर मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पुन्हा उभारला गेला. एकूण पायऱ्या ३९९ आहेत. आकडा ऐकून धास्तावण्याचे कारण नाही, कारण पायऱ्यांची उंची फार कमी ठेवली आहे. लांब किमोनो नेसलेल्या माणसालाही चढता यावे अशी ती आहे. उलट आपल्या नेहमीच्या चालीने गेल्यास पाऊल अडखळते. एकेक पायरी, सावकाश, श्वासाच्या लयीत चढावी. वर लाकडी खांबांच्या रांगेत गोल कंदील ओळीने टांगलेले असतात, आणि खालच्या टप्प्यावर उभे राहून वर पाहिले की कंदिलांची व खांबांची रांग दूरवर निमुळती होत गेलेली दिसते. छायाचित्र काढायचे असल्यास ते येथूनच काढावे, मात्र कडेला उभे राहून. मध्येच थांबल्याने मागून येणाऱ्या वृद्ध यात्रेकरूंची लय मोडते.

सोपा दोन ठिकाणी वळतो. दम लागला तर वळणावर थांबावे. पहिल्या वळणानंतर दृष्टीसमोरचे चित्र बदलते आणि वरचे मंदिर अजूनही दिसत नाही, ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. हात्सुसेच्या जुन्या काव्यात गाजलेला दोन खोडांचा देवदार या वाटेपासून थोडा बाजूला आहे. जाताना वेळ नसेल तर उतरताना पाहावा.

मुख्य मंदिरात

सोपा संपतो तेथे घंटाघर आहे आणि शेजारीच मुख्य मंदिर. अनेकदा आगीत भस्मसात झालेले हे मंदिर आताच्या रूपात तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु याच्या देणगीतून १६५० मध्ये पूर्ण झाले. जपान सरकारने ते राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले आहे. त्याची रचना समजून घ्यायला आपल्या देवळांचे शब्द फार उपयोगी पडतात. पुढे सभामंडप, मागे गाभारा आणि दोहोंना जोडणारे अंतराळ, अशी ही तीन भागांची वास्तू आहे. सभामंडपापुढे दरीवर काढलेला लाकडी सज्जा आहे, जो खालून उंच खांबांवर तोललेला आहे. क्योतोच्या कियोमिझुदेराचा सज्जा जगप्रसिद्ध आहे आणि तेथे गर्दीमुळे कठड्याशी उभे राहायला जागा मिळणे कठीण होते; येथे तुम्ही एकटे उभे राहू शकता.

परंतु सज्जाकडे आधी जाऊ नये. आधी दर्शन घ्यावे. त्याचा क्रम असा. पाण्याच्या कुंडापाशी पळीने आधी डावा हात, मग उजवा हात धुवावा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुवावे आणि शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुतला जाईल असे उरलेले पाणी सोडावे. पळी ओठांना लावू नये. मेणबत्ती किंवा उदबत्ती लावायची असल्यास ती मंदिराने ठेवलेल्या ज्योतीवर पेटवावी. दुसऱ्या भाविकाच्या मेणबत्तीवरून पेटवल्यास त्याचे कर्म आपल्याकडे येते, अशी येथे समजूत आहे. दानपेटीत नाणे हळूच सोडावे. पाच येनचे नाणे लोक आवडीने टाकतात, कारण ‘गोएन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा होतो. मग हात जोडून, डोळे मिटून, मनात प्रार्थना करावी. टाळ्या वाजवणे ही शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानातली रीत आहे, बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत. आपल्या नमस्काराची मुद्रा येथे जशीच्या तशी चालते.

आता मूर्तीकडे पाहावे. सध्याची मूर्ती १५३८ मध्ये घडवलेली आहे. सभामंडपातून तिचा वरचा भाग दिसतो, आणि दिव्यांच्या मंद उजेडात सोनेरी चेहरा हळूहळू उलगडायला डोळ्यांना एक-दोन मिनिटे द्यावी लागतात. डाव्या हातात कमळ असलेला कलश आहे. उजव्या हातात जपमाळेबरोबर कड्यांचा भिक्षुदंड आहे, आणि पायांखाली कमळाऐवजी सपाट शिळा. दंड धरून शिळेवर उभे राहिलेले हे रूप ‘हासे पद्धतीचे’ म्हणून ओळखले जाते. लोकांची दुःखे ऐकायला कान्नोन स्वतः चालत निघतो, म्हणून त्याच्या हाती प्रवाशाचा दंड, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. मुकुटातील चेहऱ्यांमध्ये पुढचे तीन शांत, एका बाजूचे तीन क्रुद्ध, दुसऱ्या बाजूचे तीन सुळे दाखवणारे, मागचा एक हसरा आणि सर्वांत वर बुद्धाचा, अशी परंपरा आहे. मागचा हसरा चेहरा भाविकाला कधीच दिसत नाही.

मुंबईकरांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. चेहऱ्यांवर चेहऱ्यांची अशी उतरंड भारतातल्या दगडात फार क्वचित दिसते. जपानला निघण्याआधी एक सकाळ काढून बोरिवलीच्या डोंगरात ती मूर्ती पाहून यावी, म्हणजे हासेदेराच्या गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यावर ओळख पटायला वेळ लागत नाही. ही कल्पना पश्चिम भारताच्या डोंगरातून मध्य आशिया, चीन आणि कोरिया अशा वाटेने येथे पोहोचली, आणि तिने सोबत शब्दही आणले. येथील भाविक ज्या मंत्राने कान्नोनला आळवतात तो जपानी उच्चारात ‘ओन् माका क्यारोनिक्या सोवाका’ असा ऐकू येतो. लक्ष देऊन ऐकले तर त्यात ‘ॐ महाकारुणिक स्वाहा’ हे शब्द सापडतात. यात्रेकरूंचा गट प्रज्ञापारमिताहृदय सूत्र म्हणत असेल, तर शेवटी ‘ग्याते ग्याते हारा ग्याते’ येईपर्यंत थांबावे. ते मूळचे ‘गते गते पारगते’ आहे. कान्नोनच्या डाव्या-उजव्या बाजूंना उभ्या असलेल्या परिवारमूर्तींपैकी एकाचे नाव नंद नागराज आहे, आणि जपानी लोकही त्याला ‘नांदा’च म्हणतात.

विशेष दर्शनाचा हंगाम असेल, तर वेगळे तिकीट काढून गाभाऱ्यात जावे. आत जाण्याआधी हातांवर सुगंधी चूर्ण लावून शुद्धी करतात आणि मनगटात पाचरंगी धागा बांधायला देतात. हा धागा कान्नोनशी जुळलेल्या नात्याचे चिन्ह आहे. मग आपण मूर्तीच्या पायांशी पोहोचतो. असंख्य भाविकांच्या हातांनी पावले गुळगुळीत व काळसर झाली आहेत. त्यांना हात लावून वर पाहिले की दहा मीटर उंचीवरून तो चेहरा थेट आपल्याकडे वाकून पाहत असल्यासारखा दिसतो. सभामंडपातून हे दृश्य मिळत नाही. पायांवर डोके ठेवण्याची आपल्याकडची सवय असलेल्या माणसाला हा क्षण काय देतो, ते मी शब्दांत मांडणार नाही. आत छायाचित्रे काढू नयेत, आणि मागे रांग असेल तर फार वेळ अडवू नये.

दर्शन झाल्यावर सज्जावर यावे. सभामंडपाची लाकडी भूमी इतकी घोटीव आहे की समोरच्या झाडांचा हिरवा, आणि शरदात लाल, रंग तिच्यात उतरतो. घड्याळात बाराला काही मिनिटे असताना सज्जावर किंवा घंटाघराच्या बाजूला उभे राहावे. रोज दुपारी बारा वाजता येथे घंटा दिली जाते आणि भिक्षू शंख फुंकतात. शंखाचा तो लांब, थोडा खरखरीत आवाज दरीवरून समोरच्या डोंगरावर जाऊन परत येतो, आणि खालच्या गावातल्या लोकांनाही दुपार झाल्याचे कळते. माझ्या वेळापत्रकातील सारी धडपड या एका मिनिटासाठी आहे.

मुद्रा आणि सुलेखन

दर्शन झाल्यानंतरच ‘गोशुइन’ घ्यावे. हे मंदिराच्या लाल मुद्रा आणि शाईतले सुलेखन असते. ते ‘शुइन्चो’ नावाच्या घडीच्या वहीत उमटवून घेतात आणि त्यासाठी वेगळे शुल्क लागते. वही तेथेच विकत मिळते. साध्या कागदाच्या टिपणवहीत ते मागू नये, कारण ही पर्यटकांची आठवण नसून दर्शनाची नोंद मानली जाते. हासेदेराच्या सुलेखनात ‘दाइहिकाकु’, म्हणजे महाकरुणेचे भवन, हे शब्द लिहितात. जवळ सुटे पैसे तयार ठेवावेत आणि लिहिणाऱ्याचा हात चालू असताना बोलू नये.

परिसरातील स्मारकशिळांवर आणि मुद्रांमध्ये काही अक्षरे देवनागरीची दूरची नातेवाईक वाटतील. ती सिद्धम् लिपीची बीजाक्षरे आहेत. हासेदेरा हे शिंगोन या मंत्रयानी संप्रदायाच्या बुझान शाखेचे मुख्य पीठ आहे, आणि या संप्रदायाने ही लिपी आजवर जपली आहे. शाखेचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. १५८५ मध्ये त्या काळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने नेगोरोजी हे विद्यापीठासारखे मंदिर उद्ध्वस्त केले. तेथील भिक्षू सेन्यो काही वर्षांच्या वणवणीनंतर १५८८ मध्ये हासेदेराला आला आणि येथे अध्ययनाची परंपरा नव्याने सुरू झाली.

परतीची वाट

चढलेल्या पायऱ्यांनीच परत उतरू नये. मुख्य मंदिराच्या पश्चिमेकडून जाणारी वाट धरावी. या वाटेवर शिंगोन संप्रदायाचा संस्थापक कोबो दाइशी कुकाइ याचे स्मृतिमंदिर लागते. पुढे पाच मजल्यांचा पॅगोडा आहे. तो १९५४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, उभारला गेला. जुन्या वास्तूंमध्ये तो उपरा वाटेल अशी शंका येते, पण लाल रंग आणि डोंगराची हिरवाई यांचा मेळ चांगला बसला आहे. वाट पुढे उतरत ‘होम्बो’, म्हणजे मठाच्या मुख्य निवासाकडे येते. येथे थांबून मागे वळून पाहावे. आपण ज्या सज्जावर उभे होतो तो आता दरीपलीकडच्या झाडीतून बाहेर आलेला दिसतो, आणि मंदिराचे संपूर्ण रूप पाहायला मिळते ते याच जागेवरून. सकाळी वरून पाहिलेली दरी आणि दुपारी खालून पाहिलेले मंदिर, असे दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघून झाल्यावर निओमोनकडे निघावे.

जेवणाचे

गावात सर्वत्र कुसामोची मिळते. योमोगी नावाची, आपल्या दवण्याच्या कुळातील सुवासिक पाने चिकट तांदळाच्या पिठात कांडून, आत अझुकी या बारीक लाल कडधान्याचे गोड पुरण भरून हे हिरवे गोळे करतात. काही दुकानांत ते तव्यावर भाजूनही देतात, आणि माझ्या मते गरम खाण्यातच त्यांची चव आहे. त्यात मांस-मासे नसतात. दुसरा स्थानिक पदार्थ म्हणजे शेजारच्या मिवा भागातील सोमेन, केसासारख्या बारीक गव्हाच्या शेवया. उन्हाळ्यात त्या बर्फाच्या पाण्यात आणि हिवाळ्यात गरम रश्शात मिळतात.

शाकाहारी मंडळींनी सोमेनच्या रश्शाबाबत सावध राहावे, कारण त्याची ‘दाशी’ बहुधा वाळवलेल्या माशाची असते आणि वर भाज्याच दिसत असल्या तरी रस्सा शाकाहारी नसतो. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवावे आणि दाशीबद्दल वेगळे विचारावे. खात्रीचा मार्ग हवा असेल, तर सकाळी मोठ्या स्थानकावरच उमे म्हणजे खारवलेल्या फळाच्या सारणाची ओनिगिरी बरोबर घ्यावी आणि कुसामोचीवर भागवावे. गल्लीत चालता चालता खाऊ नये. दुकानासमोरच्या बाकावर बसून खावे, चहाही सहसा तेथेच मिळतो.

उरलेली दुपार

पायांत बळ आणि दिवसात उजेड असेल, तर दोन स्थानके पुढे मुरोगुची-ओनो येथे उतरून बसने मुरोजीला जाता येते. तेथील पाच मजल्यांचा पॅगोडा जेमतेम १६ मीटर उंच आहे आणि सुमारे १,२०० वर्षांचा आहे. १९९८ च्या वादळात त्यावर मोठे झाड कोसळले आणि नंतर त्याची दुरुस्ती झाली. शिंगोन संप्रदायाच्या कोया पर्वतावर स्त्रियांना मज्जाव होता त्या काळात मुरोजीने त्यांना प्रवेश दिला, म्हणून त्याला ‘स्त्रियांचे कोया’ म्हणत. मात्र तेथे पुन्हा शेकडो पायऱ्या आहेत आणि बस तासाला एखादीच असते; परतीच्या बसची वेळ उतरताक्षणी पाहून ठेवावी. वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर दोन्ही मंदिरे एका दिवसात करू नयेत.

ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी हात्सुसेतच एक रात्र मुक्काम करावा. रोज सकाळी भिक्षूंची सामूहिक उपासना होते आणि सामान्य भाविकही तिला बसू शकतात; तिची वेळ ऋतूनुसार बदलते, ती आदल्या दिवशी निवासातच विचारून घ्यावी. पहाटेच्या अंधारात ३९९ पायऱ्या चढताना डोक्यावर गोल कंदील असतात, हातमोजे लागतील इतकी थंडी असते आणि वरून मंत्रांचा आवाज येत असतो. संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यांनी स्थानकाच्या चढावासाठी वीस मिनिटांऐवजी अर्धा तास राखून ठेवावा.